पॅरोल : रजा नव्हे, शब्द

बेळगावाहून वेंगुर्ल्याकडे निघालेला रस्ता छावणीची हद्द ओलांडतो न ओलांडतो, तोच हिंडलगा लागते. येरवडा म्हटले म्हणजे पुणेकरास जे आठवते, तेच हिंडलगा म्हटले म्हणजे बेळगावकरास आठवते. गावास शेते आहेत, देवळे आहेत, शाळा आहेत. १९८६ च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनात बळी पडलेल्यांचे हुतात्मा स्मारक आहे. तरीही परगावच्या माणसापाशी गावाचे नाव काढले की त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहते ते मध्यवर्ती कारागृह. हा लौकिक आम्ही मागून घेतलेला नाही, आणि त्याची तक्रारही आम्ही करीत नाही. तुरुंगाच्या शेजाराने एक मात्र झाले आहे : काही शब्द आमच्या कानांवर इतरांपेक्षा अधिक पडतात, आणि जो शब्द वारंवार कानी पडतो त्याचा अर्थ विचारण्याची खोड माणसास लागते. आज ज्याचा पंचनामा करावयाचा तो असाच एक शब्द आहे – पॅरोल.

'पॅरोल मिळाला', 'पॅरोल नाकारला', 'पॅरोल वाढवून आणला', 'पॅरोलवर गेला तो परतलाच नाही' – ही वाक्ये चहाच्या दुकानात ऐकू येतात, बसमध्ये ऐकू येतात, आणि वृत्तपत्रांत तर ती छापूनच येतात. बोलणाऱ्यास थांबवून 'पॅरोल म्हणजे काय हो?' असे विचारा. दहांपैकी नऊ जण सांगतील, 'कैद्याची सुट्टी.' दहावा जरा शिकलेला असला तर म्हणेल, 'कैद्यास मिळणारी रजा.' आमचे म्हणणे असे आहे की हे दहाही जण चुकतात. ही चूक नुसती कोशातली असती तर आम्ही ती कोशकारांवर सोपवून स्वस्थ बसलो असतो. परंतु या चुकीच्या आडोशाने एक अन्याय सुखाने नांदतो आहे, म्हणून लेखणी उचलणे भाग पडले.

पॅरोल हा शब्द आपण इंग्रजीकडून घेतला आणि इंग्रजीने तो फ्रेंचकडून घेतला. फ्रेंच भाषेत 'पारोल' म्हणजे शब्द, बोल, वाचा. रजेचा, सुट्टीचा, तुरुंगाचा त्यात वासही नाही. फ्रेंच शब्दाच्या मागे गेले तर लॅटिन 'पाराबोला' लागतो, आणि त्याच्याही मागे ग्रीक 'पाराबोले', म्हणजे एका गोष्टीशेजारी दुसरी ठेवणे, तुलना करणे, दृष्टांत देणे. बायबलातील दृष्टांतकथांस इंग्रजीत 'पॅरेबल' म्हणतात तो ह्याच घरातला. दृष्टांतापासून बोलणे आणि बोलण्यापासून शब्द, असा हा अर्थ हळूहळू उतरत आला. 'बोलणे' या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून 'पार्लमेंट' निघाले. ज्या सभागृहास आपण संसद म्हणतो त्याचे इंग्रजी नाव आणि कैद्याच्या अर्जावरचे इंग्रजी नाव ही दोन्ही एकाच घराण्यातील आहेत, हे थोड्यांस ठाऊक असते.

आमच्या गोमंतकीय वाचकांस तर यासाठी फ्रेंचपर्यंत जाण्याचेही कारण नाही. पोर्तुगीज भाषेतील 'पालाव्रा' म्हणजे शब्द, हा त्याच 'पाराबोला'चा दुसरा नातू. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या तोंडून तो इंग्रजांनी उचलला आणि त्याचा 'पॅलाव्हर' केला. त्याचा अर्थ झाला लांबलचक वाटाघाट, फुकटची बडबड. एकाच मूळ शब्दाचा एक वंशज बडबड झाला आणि दुसरा वचन झाला. शब्दांच्या नशिबीही बरेवाईट योग असतात!

आता हा 'शब्द' वचन कसा झाला ते पाहू. कोकणीत 'उतर' म्हणजे शब्द, आणि 'उतर दिवप' म्हणजे वचन देणे. मराठीत 'शब्द देणे' म्हणजे तेच. फ्रेंच माणसाचेही तसेच आहे. आपल्या इभ्रतीवर दिलेला शब्द म्हणजे 'पारोल द'ऑनर'. युद्धात पकडलेला अधिकारी शत्रूस असा शब्द देई, की 'मी पळून जाणार नाही', किंवा 'अदलाबदल होईपर्यंत तुमच्याविरुद्ध शस्त्र धरणार नाही'. आणि तेवढ्यावर त्यास मोकळे ठेवीत. सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्रजीने हा शब्द ह्याच अर्थाने उचलला. नेपोलियनशी इंग्लंडची युद्धे चालली होती तेव्हा शेकडो फ्रेंच अधिकारी इंग्लंडच्या लहान लहान गावांत अशा शब्दावर राहत होते. हमरस्त्याने गावाबाहेर एक मैलापर्यंत फिरावे आणि संध्याकाळची घंटा झाली की आपल्या बिऱ्हाडी परतावे, एवढेच बंधन. भिंत नाही, बेडी नाही. एक शब्द काय तो मध्ये उभा.

तो शब्द मोडणारेही निघाले. नेपोलियनचा घोडदळाचा सेनापती लफेब्र-देनुएत हा १८०८ साली स्पेनमध्ये इंग्रजांच्या हाती लागला. त्यास चेल्टनम गावी शब्दावर ठेवले होते. १८१२ साली तो तेथून निसटला. नेपोलियनने त्याची कानउघाडणी तर केली नाहीच, उलट त्यास पुन्हा आपल्या खास पथकाचा अधिकार दिला. म्हणजे 'पॅरोल मोडून पळाला' ही बातमी काही आजची नव्हे, आणि शब्द मोडणाऱ्या मोठ्या माणसास त्याहून मोठ्या माणसाने पदरी घेणे हेही काही आजचे नव्हे.

परंतु त्या इतिहासात आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट निराळीच आहे. हा शब्द घेत कोणाचा? अधिकाऱ्याचा. साध्या शिपायाचा किंवा खलाशाचा शब्द कोणी विचारतच नसे. तो पोर्ट्समथ किंवा चॅटमच्या बंदरात, शिडे उतरवलेल्या जुन्या जहाजांच्या तळघरात कोंडला जाई. तो खोटे बोलेल असे सिद्ध झाले होते म्हणून नव्हे; त्याला इभ्रतच नाही असे गृहीत धरले होते म्हणून. पॅरोलच्या पाळण्यातच हा भेद होता : काही माणसांचा शब्द म्हणजे नाणे, आणि उरलेल्यांचा शब्द म्हणजे वारा.

हा भेद मोडण्याचा मोठा प्रयत्न झाला तो अमेरिकेत. न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा येथे १८७६ साली सुधारगृह उघडले. त्याचा अधीक्षक झेब्युलन ब्रॉकवे याने चांगल्या वर्तनाच्या तरुण कैद्यांस शिक्षेची पूर्ण मुदत भरण्यापूर्वी अटींवर बाहेर सोडण्याची पद्धत घातली, आणि तिला नाव मिळाले हेच – पॅरोल. ब्रॉकवेच्या कारभारास काळ्या बाजू होत्या. त्याच्या मारहाणीची पुढे चौकशी झाली, हे आम्ही लपवीत नाही. परंतु नावापुरते बोलायचे तर ती एक लहानशी क्रांती होती. जो मान सेनापतीच्या शब्दास होता, तो पाकीटमाराच्या शब्दासही असू शकतो असे त्या नावाने सांगितले. गंमत अशी की ज्यांचा हा शब्द, त्या फ्रेंच लोकांनी १८८५ साली असाच कायदा केला तेव्हा त्याचे नाव ठेवले 'सशर्त सुटका'. त्यांच्या भाषेत 'पारोल' आजही शब्दच राहिला आहे. इंग्रजीने तो कैद्याच्या हाती दिला. आणि आपण कैद्याच्या हातून काढून घेऊन त्याची सुट्टी केली.

मराठीने हा शब्द पॅरोल म्हणून घेण्यापूर्वी एकदा घेऊन ठेवला आहे, असे आमचे मत आहे. इंग्रजी फौजेत रात्रीच्या पहाऱ्यावर खुणेचा जो शब्द ठरवीत त्यासही 'पॅरोल'च म्हणत. तो सांगेल त्यास आत सोडायचे, न सांगेल त्यास अडवायचे. आपल्या 'परवलीचा शब्द' या प्रयोगातील 'परवल' ही आमच्या मते हीच स्वारी. ध्वनी जुळतो, अर्थ जुळतो आणि छावणीतून गावात येण्याची वाटही जुळते. तसे असेल तर 'परवलीचा शब्द' म्हणजे अक्षरशः 'शब्दाचा शब्द'! ज्यांच्या दाराशी बेळगावची छावणी आहे त्यांस या द्विरुक्तीचे हसू येईल. परंतु तिच्यात एक शहाणपण आहे. फाटकावरच्या पहारेकऱ्यापाशी माणसाची किंमत त्याच्या कपड्यांवरून नव्हे, त्याच्या तोंडच्या शब्दावरून ठरते, हे परवलीने आपल्यास शिकविले होते. पॅरोलनेही तेच शिकवावयास हवे होते.

बरे, ही कल्पना परकी आहे म्हणून ती आपल्या अंगी लागली नाही, असे कोणी म्हणेल तर तेही खरे नाही. अरबी 'कौल' म्हणजे बोललेला शब्द. आपल्याकडे तो अभयवचन झाला. उजाड गावची परागंदा रयत परत आणून वसवायची तर सरकारातून कौल देत, आणि त्या कौलावर माणसे घरी येत. कोकणात आणि गोव्यात देवाचा कौल घेतात तो हाच शब्द. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जो 'जनमत कौल' झाला त्यातलाही हाच. त्या निकालाने कोणास आनंद झाला, कोणास दुःख झाले, हा वाद या पानांवर पुष्कळदा होऊन गेला आहे. परंतु कौल म्हणजे पाळावयाचा शब्द, याबद्दल दोन्ही पक्षांचे दुमत नव्हते. मराठीत 'भाक' आहे, कोकणीत 'भासावणी' आहे. ज्या भाषांत शब्दासाठी एवढे शब्द आहेत, त्यांना पॅरोलचा अर्थ लागू नये?

आणि शब्द वेगळा व जामीन वेगळा, हा विवेकही आपल्या इतिहासात आहे. १६६६ साली शिवाजी महाराज आग्र्यास अडकले तेव्हा मिर्झा राजा जयसिंगाचा मुलगा रामसिंग याने त्यांच्याबद्दल बादशहास जामीन लिहून दिला होता. निसटून जाण्यापूर्वी महाराजांनी रामसिंगास तो जामीन परत घ्यावयास सांगितले, असे त्या काळच्या राजस्थानी पत्रांतून दिसते. याचा अर्थ नीट ध्यानी घ्यावा. शत्रूच्या पहाऱ्यातून निसटणे हा त्यांनी आपला हक्क मानला. परंतु आपल्यासाठी दुसऱ्याने दिलेला शब्द आपल्या पायांखाली तुडविला जाऊ नये याची काळजी घेतली. दिलेला शब्द, घेतलेला शब्द आणि न दिलेला शब्द, यांतील अंतर ज्यास कळते त्यासच पॅरोल कळतो.

आता आजच्या व्यवहाराकडे वळू. मुंबई राज्यात १९५९ साली फर्लो व पॅरोल यांचे नियम झाले आणि पुढे महाराष्ट्रात ते दीर्घकाळ चालले. सरकारी मराठीने फर्लोस 'संचित रजा' म्हटले आणि पॅरोलास 'अभिवचन रजा'. फर्लो हा इंग्रजीत डच भाषेतून आलेला शब्द. त्याचा मूळ अर्थच परवानगी, रजा असा आहे. तेव्हा संचित रजा हे नाव योग्यच झाले. 'अभिवचन रजा' करणाऱ्यासही आम्ही दाद देतो. पॅरोलच्या पोटात वचन आहे हे त्यास ठाऊक होते. परंतु समासाची गाडी ओढतो तो शेवटचा शब्द. 'अभिवचन रजा' उच्चारली की अभिवचन विशेषण होऊन मागे बसते आणि पुढे चालते ती रजा. लोकांच्या तोंडी तर अभिवचन राहिलेच नाही. आमच्या हिंडलग्यास ते ऐकावयासही मिळाले नाही, कारण हे नियम होण्याच्या तीन वर्षे आधी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, बेळगाव मुंबई राज्यातून काढून म्हैसूर राज्यास जोडले गेले होते. आमच्या वाट्यास उरला तो नुसता 'पॅरोल'.

अर्थ हरवला म्हणजे काय होते ते त्या नियमांतच पाहा. कैद्यास ताब्यात घेण्यास तयार असलेला आणि त्याच्याबद्दल जामीनपत्र लिहून देणारा नातेवाईक असल्याशिवाय संचित रजा देऊ नये, असे त्यांत सांगितले होते. पॅरोलच्या अर्जाचीही देशभर थोड्याफार फरकाने हीच वाट आहे. पोलीस ठाण्याचा अहवाल हवा, रकमेचा जातमुचलका हवा, जामीनदार हवा, त्या जामीनदाराची ऐपत हवी. प्रत्येकाचा शब्द विचारला जातो. एका माणसाचा मात्र नाही. तो माणूस म्हणजे कैदी! नाव शब्दाचे आणि भरवसा सातबाऱ्यावर. ज्याच्या भावाच्या नावे चार एकर आहेत त्याचा शब्द खरा, आणि ज्याचा भाऊ दुसऱ्याच्या रानात मजुरी करतो त्याचा शब्द खोटा. जुन्या इंग्लंडात अधिकारी गावात फिरत आणि खलाशी तळघरात कुजत; दोनशे वर्षांनी आपण त्याहून कितीसे पुढे आलो?

हे आम्ही आमच्या मनचे सांगत नाही. २०२३ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील कैद्यांच्या एका प्रकरणात निर्णय दिला की, मुदतपूर्व सुटकेसाठी चौदा वर्षांचा प्रत्यक्ष कारावास मोजताना पॅरोलवर बाहेर घालविलेले दिवस धरता येणार नाहीत. ते धरले तर वजनदार कैदी वारंवार पॅरोल मिळवून शिक्षेचा हेतूच विफल करतील, अशी भीती न्यायालयाने बोलून दाखविली. निर्णय नियमांस धरून आहे आणि त्याविरुद्ध आम्ही येथे अपील करीत नाही. परंतु त्या भीतीत कबुली केवढी मोठी आहे! वजनदारास पॅरोल वारंवार मिळू शकतो, हे देशाच्या सर्वोच्च न्यायासनास गृहीत धरावे लागते. आणि त्याचा भार सोसावा लागतो तो वजन नसलेल्यासही. जो कैदी शब्दावर बाहेर गेला, आजारी आईचे तोंड पाहिले, आणि ठरल्या दिवशी आपल्या पायांनी चालत येऊन पुन्हा त्या लोखंडी दारात उभा राहिला, त्याने त्या दिवसांत जे सिद्ध केले ते कोठडीत वर्षभर बसून सिद्ध होत नाही. आमच्या हिशेबी तेच दिवस सर्वांत मोलाचे.

यावर तीन आक्षेप येतील ते आम्ही आधीच घेऊन टाकतो.

पहिला आक्षेप भाषाशास्त्र्यांचा : शब्दाचे मूळ म्हणजे शब्दाचा अर्थ नव्हे, लोक जसा वापरतात तसा अर्थ. हे तत्त्व आम्हांस मान्य आहे. 'तुरुंग' हा शब्दच पोर्तुगीज 'त्रोंकु'वरून आला. त्याचा मूळ अर्थ झाडाचा बुंधा, आणि मग कैद्याचे पाय अडकविण्याचा खोडा. आज तुरुंग म्हणताना कोणास बुंधा आठवत नाही आणि आठवण्याचे कारणही नाही, कारण आता तेथे बुंधा राहिलेला नाही. पॅरोलची गोष्ट तशी नाही. पॅरोलवर जाणाऱ्या कैद्यापुढे आजही कागद ठेवतात, आणि 'अमुक दिवशी परत येईन, अटी पाळीन' असे लिहून त्याखाली त्याची सही किंवा अंगठा घेतात. म्हणजे मूळ अर्थ मेलेला नाही; तो त्या कागदावर जिवंत आहे, फक्त त्याच्याकडे कोणी पाहत नाही. जिवंत अर्थास मृत म्हणणे हे भाषाशास्त्र नव्हे.

दुसरा आक्षेप शुद्धिवाद्यांचा : परका शब्द काढून टाका, म्हणजे गोंधळ मिटेल. आम्हांस हे पटत नाही. 'कौल' अरबी, 'मुचलका' तुर्की, 'तुरुंग' पोर्तुगीज. एवढ्या पाहुण्यांस घरात घेतले तेथे एका फ्रेंच पाहुण्यास दाराबाहेर उभे करण्यात काय पुरुषार्थ? शब्द बदलल्याने अर्थ येत नाही, हे 'अभिवचन रजे'ने दाखविलेच आहे. पॅरोल राहू द्या. त्याचा अर्थ मात्र घरात घ्या.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसांचा, आणि तोच खरा जड : गुन्हेगाराच्या शब्दाची किंमत काय? पॅरोलवर जाऊन परत न आलेले, इतकेच काय, पॅरोलवर असताना पुन्हा गुन्हा केलेले कैदी आहेत, ते नाकारता येईल काय? नाकारता येणार नाही. २३ मार्च २०२० रोजी, साथीच्या दिवसांत, तुरुंगांतील गर्दी कमी करण्यासाठी कैद्यांस पॅरोलवर किंवा तात्पुरत्या जामिनावर सोडण्याचा विचार व्हावा असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला. त्याप्रमाणे हजारो कैदी बाहेर गेले. त्यांतील काही मुदतीत परतले नाहीत, हे खरे आहे. ज्यांच्या घरचे माणूस गुन्ह्यात गेले त्यांचे भय आम्ही थट्टेवारी नेत नाही. ज्याच्यापासून दुसऱ्याच्या जिवास धोका आहे त्याचा शब्द घेऊ नये. तेथे 'नाही' म्हणणेच प्रामाणिकपणाचे. आमचे म्हणणे सर्वांस सोडा असे नाही. कोणाचा शब्द घ्यावयाचा हे त्याच्या वर्तनावरून ठरवा, त्याच्या नातेवाइकाच्या ऐपतीवरून नव्हे, एवढेच आहे. एकदा शब्दावर जाऊन वेळेवर परत आलेला कैदी, त्याच्यापाशी जामीनदार नाही म्हणून दुसऱ्या वेळी अडविला जातो, तेव्हा त्याने पाळलेल्या शब्दाचा अपमान होतो. आणि ज्याचा पाळलेला शब्दही मोजला जात नाही, त्याने पुढे शब्द का पाळावा?

शब्दास वजन होते तेव्हा ते द्यावा की न द्यावा याचाही माणसे विचार करीत. १९३४ साली कमला नेहरू अंथरुणास खिळल्या होत्या आणि जवाहरलाल तुरुंगात होते. उरलेल्या मुदतीत राजकारणापासून दूर राहीन, एवढे आश्वासन दिल्यास सुटका होईल असे त्यांस मध्यस्थांकडून सुचविण्यात आले. त्यांनी ते दिले नाही. आणि आत्मचरित्रात त्यांनी नमूद करून ठेवले आहे की आजारी कमलाबाईंनीच त्यांस जवळ घेऊन, असे आश्वासन देऊ नका म्हणून बजावले. उलट बाजूचे उदाहरण आमच्या हिंडलग्याचेच आहे. १९५० च्या एप्रिलात स्थानबद्ध केलेले विनायक दामोदर सावरकर येथील कारागृहात होते, आणि वर्षभर राजकारणात भाग घेणार नाही असे अभिवचन दिल्यावर त्याच वर्षीच्या जुलैत सुटले. या दोघांच्या राजकारणाविषयी आमच्या वाचकांची मते काहीही असोत. तो वाद येथे नाही. कायद्याच्या भाषेत या दोन्ही गोष्टी पॅरोल नव्हेत हेही आम्ही जाणतो. परंतु एकाने शब्द दिला नाही म्हणून तो आत राहिला, दुसऱ्याने दिला म्हणून तो बाहेर आला; दोन्ही वेळा मध्ये उभा होता तो शब्दच. सरकारने त्यांच्यापाशी ऐपतदार जामीनदार मागितला नाही. मोठ्या माणसाच्या बाबतीत जे सरकारास कळते, ते आमच्या गावच्या दारात उभ्या असलेल्या मजुराच्या बाबतीत का कळू नये?

शेवटी एक मुद्दा सीमाभागाचा, आणि तो आमच्या जिव्हाळ्याचा. शब्द द्यावयाचा तर तो देणाऱ्यास समजला पाहिजे. जो कागद कैद्यास वाचता येत नाही, ज्यातील अटी त्यास त्याच्या भाषेत कोणी सांगितल्या नाहीत, त्याखाली उठविलेला अंगठा हा त्याचा शब्द होऊच शकत नाही. ती नुसती शाई. हिंडलग्याच्या कारागृहात मराठी बोलणारा कैदी असेल तर त्याच्या अभिवचनाचा कागद मराठीत असावा, अशी आमची मागणी आहे. ही मागणी आम्ही एकट्या मराठीसाठी करीत नाही. कोल्हापूरच्या कळंबा कारागृहात कन्नड बोलणारा कैदी असेल तर त्याचा कागद कन्नडमध्ये असावा. गोव्याच्या कोलवाळ कारागृहात कोकणी बोलणाऱ्याचा कागद कोकणीत असावा. राज्यांच्या सीमांचा वाद न्यायालयात पडून आहे. तो सुटेल तेव्हा सुटो. माणसाने आपला शब्द आपल्या भाषेत द्यावा, यासाठी कोणत्याही निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही.

वृत्तपत्रांतील बंधूंसही आमची एक सूचना आहे. 'कैद्यास पॅरोलची रजा' असे छापण्याऐवजी एकदा 'कैदी शब्दावर बाहेर' असे छापून पाहा. मग जो मातब्बर वर्षातून चार वेळा बाहेर येतो त्याच्या बातमीखाली वाचक आपोआप विचारील, 'याच्या शब्दास एवढा भाव कशाने आला?' आणि ज्याचा अर्ज जामीनदाराअभावी पडून राहिला, आणि तेवढ्यात घरचे माणूस गेले, त्याच्या बातमीखाली विचारील, 'याचा शब्द कोणी विचारला तरी होता का?' हे दोन प्रश्न ज्या दिवशी लोकांच्या तोंडी येतील, त्या दिवशी पॅरोल हा शब्द मराठीत खऱ्या अर्थाने आला असे आम्ही समजू. तोपर्यंत हिंडलग्याच्या त्या दारावर माणसांबरोबर एक शब्दही आपल्या सुटकेची वाट पाहत उभा आहे.